वर काय पाहून राहिले?

नागपुरात बघण्यासारखं काय आहे, असं पाहुण्याने विचारलं की नागपूरकर बेधडक सांगतो, ‘ताडोबा.’ ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि वाघाने भेटायचं कबूल केलेलं नाही, याचं त्याला काही वाटत नाही. पाहुणा फारच हटून बसला तर तो दीक्षाभूमीला नेतो, फुटाळ्यावर मक्याचं कणीस खाऊ घालतो आणि झिरो माईलच्या खांबापाशी गाडी जराशी हळू करतो. ‘हा पाहा भारताचा मध्य,’ एवढं होईपर्यंत मागचे हॉर्न सुरू होतात आणि भारताचा मध्य मागे पडतो. खरं तर तो खांब इंग्रजांच्या मोजणीखात्याच्या कामातला, १९०७ सालचा. त्यावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल असं कोरलेलं आहे. पण ते वाचायला उतरावं लागतं. मग संत्रा बर्फीचा डबा हातात देऊन पाहुण्याला स्टेशनावर सोडलं की पर्यटन पार पडतं.

या यादीत महाल नसतो. महाल म्हणजे आमचं जुनं गाव, भोसल्यांची राजधानी. माझं बालपण तिथे गेलं, आणि ‘कुठेतरी पाहायला जाऊ’ असं घरात ठरलं की आम्ही सगळे महालातून बाहेर पडून अंबाझरीला जायचो. ज्या गल्लीतून दूध आणायचं ती गल्ली कोण पाहायला जाईल?

ही परंपरा मोडली ती आमच्या भाचीच्या यजमानांनी. जावईबापू पुण्याचे, आणि त्या उन्हाळ्यात सहकुटुंब प्राग बघून आलेले. प्रागच्या जुन्या गावात १४१० सालचं एक खगोलीय घड्याळ आहे. दर तासाला त्याच्या दोन खिडक्या उघडतात, ख्रिस्ताचे शिष्य एकेक करून डोकावतात, खिडक्या बंद होतात आणि कोंबडा आरवतो. जेमतेम मिनिटभराचा खेळ. पण त्यासाठी शेकडो माणसं अर्धा-अर्धा तास माना वर करून उभी राहतात, आणि त्यांच्या खिशांवर डोळा ठेवून दुसरी काही माणसं. जावईबापूंनी हा सोहळा वेगवेगळ्या कोनांतून टिपला होता. सगळे कोन पाहून झाल्यावर फोन खिशात ठेवत त्यांनी विचारलं, ‘‘मामा, नागपूरचं ओल्ड टाऊन कुठे आहे?’’

‘‘आमच्याकडे सगळंच ओल्ड,’’ आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘‘तुमचे मामासुद्धा.’’

२०२५ चा पोळा शुक्रवारी आला होता आणि आम्ही निघालो शुक्रवारी तलावापासून. तो शुक्रवारी असला तरी त्याला शुक्रवारीच जावं लागतं असं नाही, हे जावईबापूंना पटवण्यात पहिली दहा मिनिटं गेली. नागपुरात वार कॅलेंडरात असतात त्याहून जास्त पत्त्यात असतात. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. त्यातून काही जुन्या, काही नव्या. ‘जुन्या मंगळवारीत राहतो, बुधवारी या’ हे ऐकून जो बरोबर जागी बरोबर दिवशी पोचतो त्याला आम्ही आपला मानतो.

देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ साली बारा वाड्या जोडून हे शहर वसवलं. त्याच्यामागे गादीवर आलेल्या चांदसुलतानाने राजधानीच इथे आणली, गावाला तट घातला आणि हा तलाव बांधला. तलाव जुम्मा, तटाचा इकडचा दरवाजाही जुम्मा. पुढे तलावाचा गांधीसागर झाला आणि दरवाज्याचा गांधी गेट. तट मात्र कुणाच्याच नावे झाला नाही, तो नुसताच गेला. त्यामुळे आज गांधी गेट हा भिंत नसलेला दरवाजा आहे. शत्रूने मनात आणलं तर तो बाजूने जाऊ शकतो. पण महालातल्या गर्दीत बाजूने जाणं जास्त अवघड, म्हणून शत्रूही कमानीखालूनच गेला असता.

त्या कमानीसमोर जावईबापू थांबले आणि मान वर करून पाहू लागले. भाचीने पाहिलं. तिची पाच वर्षांची मुलगी पाहू लागली. मग एकट्याने खाली बघणं बरं दिसेना म्हणून मीही पाहिलं. आणि कबूल करायला हरकत नाही, दगडी बांधणीचा तो दरवाजा चांगला उंच, रुबाबदार निघाला.

एक स्कूटरवाले काका थांबले. ‘‘काय झालं भाऊ? वर काय पाहून राहिले?’’

‘‘दरवाजा पाहून राहिलो,’’ मी म्हणालो.

‘‘कोणता दरवाजा?’’

‘‘हाच. गांधी गेट.’’

काकांनी वर पाहिलं. मागचा सायकलवाला थांबला. ‘‘पतंग अडकली का?’’ त्याच्यामागे एक ऑटो. ऑटोतल्या बाईंनी पदर सावरत डोकं बाहेर काढलं आणि शेजारणीला सांगितलं की दगड खाली येऊन राहिला म्हणते. दोन मिनिटांत गांधी गेटखाली जो जमाव झाला, तो प्रागच्या घड्याळाखालच्या जमावाला तोडीस तोड होता. फरक इतकाच की इथे काहीच वाजलं नाही. शेवटी एका पोऱ्याने विचारलं, ‘‘इथं शूटिंग आहे का बे?’’ नाही म्हटल्यावर गर्दी जरा नाराज होऊन पांगली. पण काका गेले नाहीत. ‘‘चाळीस वर्षांपासून इथून जाऊन राहिलो,’’ ते म्हणाले, ‘‘वरचं काम मोठं बारीक आहे हो.’’

महाल बघण्याची खरी अडचण हीच आहे की तो वापरात आहे. प्रागमध्ये चौक बघायला मोकळा ठेवलेला असतो. मागे सरकून आख्खी इमारत फोटोत घेता येते. महालात मागे सरकलं की मागे भाजीची हातगाडी, तिच्यामागे बैलांच्या झुली विकणारा, त्याच्यामागे नाली. फोटो घ्यायचा तर वाड्याच्या अर्ध्या कमानीचा, आणि तोही विजेच्या तारांतून. कोरीव लाकडी खांबांच्या वाड्याखाली मोबाइलचं दुकान, सज्ज्यावर वाळत घातलेल्या चड्ड्या, आणि भिंतीवर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फलक. त्या फलकावर तेवीस चेहरे होते. वाडा कधीचा, कुणाचा, हे सांगणारी एक ओळ नव्हती. मला प्रागचं फार काही नको. एक फलक हवा, इतिहासाचा. आणि थोडासा फुटपाथ.

‘‘मामा, राजवाडा कुठे?’’

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. जुना राजवाडा १८६४ च्या आगीत गेला; उरला तो नगारखाना. थोरल्या वाड्यात भोसल्यांचे वंशज राहतात. पण राजवाडा जळण्याच्या दहा वर्षं आधीच तो रिकामा झाला होता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले, डलहौसीने दत्तक मानला नाही, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा. मग कंपनी सरकारने राजाच्या घरातलं सामान लिलावात काढलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोल विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. म्हणजे ज्याला भोसल्यांचा राजवाडा बघायचा असेल त्याचं नुसतं महालात फिरून भागत नाही. कलकत्ता, लंडन आणि कुठकुठली कपाटं धुंडाळावी लागतील.

त्यातली एक वस्तू नेमकी त्याच आठवड्यात परत आली होती. सेनासाहेबसुभा पहिल्या रघूजीराजांची तलवार लंडनला लिलावात निघाली होती. राज्य सरकारने ती ४७ लाखांच्या वर मोजून सोडवली आणि १८ ऑगस्टला, पोळ्याच्या चार दिवस आधी, ती मुंबईत उतरली. इथे मी गाइडाच्या थाटात आवाज चढवला. ‘‘ज्या रघूजींनी बंगालच्या नवाबाला चौथ द्यायला लावला, ओरिसा घेतला, त्यांची तलवार! मुठीवर सोन्याचं काम, पात्यावर देवनागरीत नाव!’’

‘‘वा! म्हणजे अस्सल इथली.’’

इथे खरं सांगणं भाग होतं. पातं युरोपात घडलेलं आहे. त्या काळी मराठा सरदारांना विलायती सरळ पात्यांची भारी हौस. मूठ इथली बसवायची आणि मिरवायची. म्हणजे युरोपातून आली, महालात राहिली, युरोपात गेली, लिलावात निघाली आणि परत आली. जावईबापूंचा प्रागचा प्रवास या तलवारीपुढे काहीच नव्हता.

भूक लागली म्हणून तर्रीपोहे घेतले. जावईबापूंनी पहिल्या घासानंतर डोळे पुसले आणि प्रागमधल्या त्रदेलनीकची आठवण काढली. निखाऱ्यावर फिरवून भाजलेली, साखरेत घोळलेली ती पोकळ रोटी तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर ‘प्राचीन’ म्हणून विकतात. पण प्रागमध्ये तिचा सुळसुळाट झाला तो पर्यटकांच्या मागोमाग, हे खुद्द प्रागकरच कुरकुरत सांगतात. ते प्रागकरही आता जुन्या गावात थोडेच उरलेत. घरं पाहुण्यांना भाड्याने, दुकानांत चुंबकाच्या चकत्या. गाव जसंच्या तसं राखलं आणि गावकरी उपनगरात गेले. आमच्याकडे उलट झालं. गावकरी जसेच्या तसे राहिले, गाव ओळखू येईना. दोन्हींत बरं कोणतं, हे मी पोहे संपेपर्यंत ठरवू शकलो नाही. तर्री संपली म्हणून पुन्हा मागितली, ती मात्र फुकट मिळाली. प्रागमध्ये हे होणार नाही, एवढं नक्की.

चितारओळीत मात्र जावईबापू गप्प झाले. गणपती पाच दिवसांवर आलेले. दोन्ही बाजूंनी मूर्तीच मूर्ती. कुणाला सोंड आहे, डोळे नाहीत, कुणाला नुसताच पांढरा रंग. पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडवणारी ही घरं. बसायच्या खोलीत गणपती, जिन्यावर गणपती, आणि घरची माणसं दोन गणपतींच्या मधून तिरपी होऊन आत-बाहेर करताहेत. जगातल्या कुठल्याही वस्तुसंग्रहालयात ‘हात लावू नका’ अशी पाटी असते. इथे एका आजोबांनी जावईबापूंच्या हातात उंदीर दिला आणि म्हणाले, ‘‘धरा जरा, मी पाट सरकवतो.’’ उंदीर ओला होता. जावईबापूंचा शर्ट पुण्याचा होता.

महालातला गणपतीही वेळेच्या बाबतीत नागपुरी आहे. भोसल्यांच्या घरचे चिमणाबापू बंगालची मोहीम जिंकून परतले तेव्हा गणपती विसर्जित होऊन गेले होते, असं सांगतात. दुसरा कोणी असता तर हळहळला असता. त्यांनी पितृपक्षात दुसरा गणपती बसवला, सोंगं आणि नकलांसकट. तोच हडपक्या गणपती. आजही अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावर तो थाटात येतो. प्रागचं घड्याळ एका मिनिटाने चुकलं तर बातमी होते. आम्ही उशिराचा सण केला आणि तो दोनशे वर्षांहून जास्त टिकवला.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, मारबत, म्हणजे पीडा घालवणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. खरं तर हीच नागपूरची सगळ्यात मोठी ‘साइट’, फक्त ती जागची हलते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इंग्रजांना मिळालेल्या, भोसल्यांच्या घरातल्या बांकाबाईचा राग काळीवर निघाला, असं लोक मानतात. जुन्या नागपुरातून मिरवत दोघी येतात, इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी भेटतात, आणि सोबत बडगे: बांबू-कागदाचे पुतळे, त्या वर्षी ज्याचा ज्याचा राग आला त्याचे. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, कुठला तरी देश. लोक ओरडून ओरडून सगळी पीडा त्यांच्या अंगावर घालतात आणि शेवटी पेटवून देतात. स्पेनमधल्या वालेन्सियात १९ मार्चच्या रात्री असेच थट्टेचे पुतळे जाळतात. त्यांना २०१६ मध्ये युनेस्कोने आपल्या यादीत घेतलं. मारबतीला ती यादी मिळाली तर आनंदच आहे. फक्त युनेस्कोच्या माणसाने त्या दिवशी शहाण्यासारखं घरी राहावं, नाहीतर पुढच्या वर्षी त्याचाही बडग्या निघेल.

‘‘मामा, बघायला उभं कुठे राहायचं? काही गॅलरी वगैरे?’’ जावईबापूंनी विचारलं. गॅलरी नव्हती. गर्दीने त्यांना जिथे ठेवलं तिथे ते राहिले, आणि दीड तासाने वेगळ्याच चौकात सापडले. घसा बसला होता. कुणावर ओरडले ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या कंपनीचं नाव मला ऐकू आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तान्हा पोळा. दुसऱ्या रघूजींनी १८०६ साली लहान मुलांसाठी सुरू केला असं सांगतात तो. थोरल्या वाड्यातून माणसाहून उंच लाकडी नंदी निघतो, आणि गल्लोगल्ली पोट्टे आपापले छोटे नंदी दोरीने ओढत निघतात. आमच्या नातीलाही चाकांचा एक नंदी घेऊन दिला. जुन्या ओळखीच्या घरांत ती एकेक दार वाजवत गेली आणि प्रत्येक दारात कुणी दहाची, कुणी वीसची नोट तिच्या हातात ठेवली. हाच बोजारा. परत आली तेव्हा फ्रॉकचे दोन्ही खिसे फुगले होते आणि नंदीचं एक शिंग कुठेतरी गळून पडलं होतं.

जिन्यावर बसून तिने नोटा मोजल्या, चुकल्या, पुन्हा मोजल्या. मग बापाकडे संशयाने पाहत विचारलं, ‘‘बाबा, प्रागमध्ये आपण एवढं फिरलो. तिथं कुणी बोजारा का नाही दिला?’’

‘‘तिथं आपण द्यायचा असतो, बाळा,’’ जावईबापू बसलेल्या आवाजात म्हणाले. ‘‘प्रत्येक दारात.’’