घरबसल्या स्की जंपिंगचे जाणकार व्हा

सर्वप्रथम, उडी मारायचा विचार मनातून काढून टाका. ते काम पोरवयातच सुरू करायचं असतं, आणि त्यासाठी लिलहॅमर किंवा झाकोपानेसारख्या गावात जन्म घ्यावा लागतो. तुमची-आमची ती वेळ टळली. आपल्याला व्हायचंय ते जाणकार. या खेळातला जाणकार म्हणजे उडी संपल्याबरोबर 'हे काही बरोबर झालं नाही' असं कारणासकट सांगणारा माणूस. नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंत जवळपास दर शनिवार-रविवारी ही सेवा द्यायची असते. सरावासाठी २०२४-२५चा हंगाम घ्या. कुरकुरीला त्यात भरपूर वाव आहे.

आधी नुसतं बघायला शिका. उंच मनोऱ्यावर एक सडपातळ पोरगा आडव्या दांडीवर बसलेला असतो. दिवा लाल. खाली कठड्याशी प्रशिक्षक हातात झेंडा घेऊन उभा. दिवा हिरवा झाला, झेंडा खाली आला, की काही सेकंदांत दांडी सोडायची. मोठ्या टेकडीवर वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास जातो. ज्याला टेबल म्हणतात ती उडीची कड टेबलासारखी सपाटही नसते, खालच्या बाजूला कललेली असते. तिथे गुडघे सरळ करायला डोळ्याचं पातं लवण्याइतका उशीर झाला की सगळं मुसळ केरात. पुढे हवेत स्की इंग्रजी व्हीसारख्या फाकवून त्यांच्यावर जवळजवळ पालथं पडायचं, आणि उतरताना एक पाय पुढे, एक मागे, हात पसरलेले. या उतरण्याला टेलिमार्क म्हणतात. एवढा एकच शब्द पाठ केला तरी चार लोकांत निभावतं.

आता पथ्य. 'सगळ्यात लांब कोण गेला?' असं कधीही विचारू नका. तिथेच नवखेपण उघडं पडतं. मोठ्या टेकडीवर ठरलेल्या के-पॉइंटला पोचलं की ६० गुण, पुढच्या प्रत्येक मीटरला १.८. शिवाय पाच परीक्षक प्रत्येकी २० पैकी गुण देतात. त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा फेकून देतात. समोरून वारा आला तर तो उडणाऱ्याला उचलून धरतो, म्हणून गुण कापायचे. मागून आला तर तो खाली दाबतो, म्हणून भरपाई द्यायची. दांडी खाली सरकवली तर त्याची भरपाई वेगळी. पावसाने धुतलेल्या सामन्यात डकवर्थ-लुईस कळल्याचा चेहरा करून बसणाऱ्या आपल्या पिढीला हे जड जाऊ नये.

पहिलं तयार वाक्य घ्या: 'वाऱ्याचे गुण कमी दिले.' हे कधीही चालतं. वारा मोजतात तो उताराच्या कडेला ठरावीक ठिकाणी, आणि माणूस उडतो त्यांच्या मधून. तेव्हा तुम्हाला खोटं पाडणं अवघड.

परीक्षकांना नावं ठेवायला तर इतिहासाचाच आधार आहे. १९८०च्या दशकात स्वीडनचा यान बोक्लोव स्की फाकवून उडायला लागला तेव्हा बाकीचे त्या समांतर धरत. दिसायला वाईट म्हणून परीक्षक त्याचे गुण कापत राहिले, आणि तो इतका लांब जात राहिला की १९८८-८९चा विश्वचषक घेऊन गेला. काही वर्षांत सगळेच तसे उडू लागले. गुण कापणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

डिसेंबरमध्ये जर्मनांची बाजू घ्या. नाताळच्या आत चौतिसाव्या वर्षी पायस पाश्केने पाच स्पर्धा जिंकल्या, आणि आघाडीवाल्याचा पिवळा बिब त्याच्या छातीवर आला. स्वेन हानावाल्डने २००२ साली चार टेकड्यांची मालिका जिंकली, तीही चारही ठिकाणी पहिला येऊन. त्यानंतर एकाही जर्मनाला ती मिळालेली नाही. दरवर्षी डिसेंबरात त्यांना वाटतं, यंदा मिळणार. तुम्हीही वाटून घ्या. जानेवारीत उपयोगी पडतं.

ही मालिका मात्र मन लावून बघा, बाकी हंगाम तिच्यावर ओवाळून टाकावा अशी आहे. ओबरस्टडॉर्फ, नववर्षाच्या दिवशी गार्मिश-पार्टेनकिर्शेन, मग इन्सब्रुक, मग बिशॉफ्सहोफेन. पहिल्या फेरीत पन्नास जणांच्या पंचवीस जोड्या लावतात. जोडीत हरलेल्यांपैकी पाच नशीबवान तरीही पुढे जातात. इन्सब्रुकचा बेर्गइसेलचा मनोरा झाहा हदीदने बांधलाय. वर कॅफे आहे, आणि दांडीवर बसलेल्याला समोर गाव दिसतं. गावाच्या अलीकडे दिसते ती दफनभूमी. कॉफी पिणाऱ्यांना हे दृश्य सुंदर वाटतं म्हणे.

आपल्या २०२४-२५च्या हंगामात शेवटच्या टेकडीवर येताना तीन ऑस्ट्रियन एकमेकांच्या अंगावर श्वास टाकत होते. स्टेफान क्राफ्ट आघाडीवर, म्हणून सगळ्यांत शेवटी उडायचं त्याला. खाली दानिएल चोफेनिग आणि यान ह्योर्ल आपापली उडी संपवून उभे, आणि वर क्राफ्ट वाऱ्यामुळे ताटकळतोय. थंडीत, पातळ सूटमध्ये, मांड्या आखडत चाललेल्या. अखेर तो उडाला आणि तिसरा आला. आठ उड्यांच्या बेरजेत चोफेनिगने ह्योर्लला १.४ गुणांनी मागे टाकलं. मोठ्या टेकडीवर हे एका मीटरपेक्षाही कमी अंतर. 'वाऱ्याने घात केला' हे वाक्य आयुष्यात एकदाच मनापासून म्हणायचं असेल तर ते इथे म्हणा.

फेब्रुवारीत डुलकी काढली तरी चालेल. फक्त सप्पोरोचं नाव निघालं की नोरिआकी कासाईचा विषय काढा. १९८८ साली विश्वचषकात उतरलेला हा गृहस्थ २०२४ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षीही, तिथे उडत होता. गुडघेदुखीवाल्या मित्रांसमोर काढू नका.

मार्चमध्ये विषय शिवणकामाचा. सूट जरा ढगळ असला तर हवा धरतो, म्हणून त्याची मापं टाचणीच्या टोकाएवढ्या फरकापर्यंत तपासतात आणि मंजूर सूटमध्ये चिप बसवतात. ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत यजमान नॉर्वेच्याच लोकांनी मंजूर सूटमध्ये जाड दोरा घालून शिवण ताठ केली. हे काम चाललेलं कुणीतरी पडद्याच्या फटीतून चित्रित केलं. मोठ्या टेकडीवर दुसरा आलेला त्यांचा माणूस बाद झाला, सुवर्ण स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेव्हत्सला गेलं. चोख तक्रार करायला उशीर लावू नका. इथे वाऱ्याचं नाव घेतलंत तर मात्र हसं होईल.

प्रेव्हत्स घराणं आठवून ठेवा. थोरल्या पेटरने २०१५-१६ मध्ये एकाच हंगामात १५ स्पर्धा जिंकल्या होत्या. बहीण निका २०२४-२५मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून मोकळी झाली, आणि महिलांना तो विश्वचषकच २०११-१२मध्ये मिळाला, यावरही एक स्वतंत्र तक्रार शिल्लक आहे.

हंगाम संपतो तो प्लानित्साला, त्यांच्याच अंगणात. ३० मार्च २०२५. मी वही घेऊन बसलो होतो, वाऱ्याचे आकडे टिपायला. डोमेन सुटला आणि खाली यायचं नावच घेईना. समालोचकाचा आवाज चढत गेला, चढत गेला आणि मग नुसताच ओरडण्यासारखा झाला. २५४.५ मीटर. क्राफ्टचा २५३.५चा आठ वर्षांचा विक्रम एका मीटरने गेला. वहीत मी काहीच लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून मुलीने विचारलं, "म्हणजे जगात आजवर सगळ्यात लांब हाच का?"

"तसं नाही गं," मी म्हणालो, "जपानचा कोबायाशी गेल्या वर्षी आइसलँडमध्ये २९१ गेला होता. पण ती मुद्दाम बांधलेली टेकडी, स्पर्धा नव्हे, म्हणून ती धरत नाहीत."

"मग ते बरोबर झालं नाही," ती म्हणाली.