शेपटीचं काय करायचं?

आमच्या सोसायटीत माझ्याविषयी दोन समज आहेत. एक, मी घरी बसून ब्लाऊज शिवते. दुसरा, मी ‘सॉफ्ट’मध्ये आहे. दुसऱ्याला माझ्या सासूबाई जबाबदार. त्यांनी ‘सॉफ्ट टॉय’मधला ‘सॉफ्ट’ उच्चारला रे उच्चारला, की पुण्यातला माणूस ‘वेअर’ पदरचं घालून मोकळा होतो. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सकाळी फॉल-बिडिंगची साडी घेऊन येतात आणि संध्याकाळी भाच्याचा बायोडेटा. मला दोन्ही कामं येत नाहीत. मी फरचे प्राणी डिझाइन करते. कुणा कारखानदाराला हत्ती हवा असला की मी त्याचं चित्र काढते, कागदावर बेतते, एक नमुना शिवते आणि मग सांगतील तसा तो हत्ती ‘जरा कमी हत्तीसारखा’ करून देते.

हत्तीवरून आठवलं. आमचा हा अख्खा धंदा एका गैरसमजातून उभा राहिलाय. जर्मनीतल्या गिंगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफबाईंनी 1880 साली टाचण्या खोचायला म्हणून कापडी हत्ती शिवला. बाईंना लहानपणीच पोलिओ झालेला, त्यांचं सगळं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. पण हात काय चालत असणार! तो हत्ती पोरांनी पळवला आणि टाचण्या राहिल्या बाजूला. अस्वल त्यानंतर वीसेक वर्षांनी आलं. नाव मात्र अस्वलाचं झालं. आमच्याकडे अजूनही वाघ, ससा, डायनासोर काहीही असो, दुकानदार त्याला टेडीच म्हणतो.

लोकांना वाटतं, हे काम गोड असेल. गोड काय असतं, ते त्यांनी माझ्या घरी येऊन पाहावं. फरचं कापड मागच्या बाजूने ब्लेडने कापायचं, कात्री लावली तर लव तुटते. ब्लेडने कापलं तरी निम्मी लव हवेत उडते आणि आमटीत उतरते. तुकडे उलटे शिवायचे. त्या अवस्थेतला ससा एखाद्याने पाहिला तर तो पोलिसांत जाईल. मग पाठीत ठेवलेल्या बोटभर फटीतून त्याला सुलटा करायचा आणि लाटण्याच्या टोकाने आत फायबर कोंबायचा. लाटणं माझं वेगळं आहे, हे मी सासूबाईंना शपथेवर सांगितलंय. तरी पोळ्या करण्याआधी त्या त्यांचं लाटणं धुऊन घेतात.

डोळे हा तर स्वतंत्र छळ. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाचं असेल, तर त्याचा सुटणारा कुठलाही भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या एका नळकांड्यात मावता कामा नये. त्यात मावलं ते पोराच्या घशातही मावतं, असा साधा हिशेब. खरी तपासणी प्रयोगशाळेत होते, पण तिकडे नापास होण्याआधी मी घरीच एक चाचणी घेते. अस्वलाच्या डोळ्याला पाच किलो गव्हाची पिशवी बांधून खुंटीला टांगते. एकदा दूधवाल्याने ते पाहिलं. तेव्हापासून तो पिशवी दाराबाहेर ठेवून जातो. आता मी सरळ डोळे भरतकामाचेच करते. गहूही वाचतात.

तर गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. “मॅडम, शेकरू पाहिजे. राज्यप्राणी आहे, शाळांत बक्षीस म्हणून जाईल. आठ इंच. आणि शोकेसमध्ये बसला पाहिजे.”

मी हुरळले. पांडा आणि युनिकॉर्न करून करून हात विटले होते. पाठीला तांबूस तपकिरी फर, पोटाला सायीचा रंग. नाकाच्या शेंड्यापासून मानेपर्यंत डोक्याच्या मधोमध जाते ती पट्टी, म्हणजे सलवारीच्या कळीची धाकटी बहीण, तीही पहिल्या फटक्यात जमली. ती अर्धा सेंटिमीटर रुंद झाली की खारीचं अस्वल होतं. डोळे थोडे खाली आणि थोडे दूर लावले. मोठं कपाळ आणि खालचे डोळे पाहून माणसाला बाळ आठवतं, असं कोनराड लोरेंट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने 1943 मध्ये मांडलं होतं. आमचा संसार त्याच्यावर चालतो.

मग शेपटी लावली आणि शेकरू मागे कलंडला.

शेकरूची शेपटी अंगापेक्षा लांब. आठ इंची शेकरूला नऊ इंच झुपका. बुडात प्लॅस्टिकचे दाणे भरले. बसला, पण सातव्या महिन्यातला दिसायला लागला. शेपटी कापली, उंदीर झाला. तार घालायची सोय नाही, पोराला टोचेल. गिऱ्हाईक म्हणालं, शेपटी पाठीला चिकटवा आणि हातात अक्रोड द्या. दिला. समोर एक परदेशी खार येऊन बसली, कार्टूनमधली. पासपोर्ट मागावासा वाटला.

शेवटी खरा शेकरू बघायला एसटीने भीमाशंकर गाठलं. पहाटेपासून मान वर करून उभी होते. साडेसातला पानं हलली. मागच्या पायांनी फांदी धरून तो उलटा लोंबकळत कसलंसं फळ खात होता. मग वर चढला, फांदीवर पोट टेकून आडवा झाला, आणि शेपटी खाली सोडली, सरळ, दोरीवर वाळत घातल्यासारखी. शेजारून दर्शनाला निघालेले एक आजोबा म्हणाले, “काय बघताय?” म्हटलं, “बसतो का ते.” “तो कशाला बसंल?” म्हणाले आणि गेले.

घरी येऊन सगळी बेतणी फाडली. नवा शेकरू पोटावर झोपणारा केला. पुढच्या पायांत आणि छातीत दाणे, शेपटी मोकळी. कपाटाच्या कडेवर ठेवला की झुपका खाली लोंबतो आणि शेकरू जागचा हलत नाही. इतक्या वर्षांत एवढा खरा प्राणी माझ्या हातून झाला नव्हता. गिऱ्हाइकाने तो उलटसुलट करून पाहिला.

“छान आहे. पण मॅडम, हा बसत नाही.”

“शेकरू बसत नाही असा.”

“मग असं करा,” ते म्हणाले, “पांडा करा. तो बसतो.”

यावर काय बोलणार? पांडा खरोखरच बसतो.

पांडाचे पैसे वेळेवर आले. शेकरू आमच्या फ्रिजवर आहे. त्याची शेपटी बरोबर कालनिर्णयवर येते, आणि सासूबाई रोज सकाळी ती दोन बोटांनी बाजूला सारून संकष्टी कधी आहे ते बघतात.