पंधरा अंशांचं छप्पर

निवृत्तीनंतर कोकणात घर बांधायला निघालेला मुंबईकर कोरा कधीच येत नाही. त्याच्या पिशवीत मासिकातून कापलेला बंगल्याचा एक फोटो असतो आणि दरपत्रकांची फाइल असते. सावंतवाडीजवळच्या एका गावात उतरलेल्या अशाच एका बँक अधिकाऱ्यांचा फोटो तर फारच देखणा होता. लाल कौलांचं बुटकं घर आणि छप्पर इतकं कमी उताराचं, की त्यावर पापड वाळत घालावेत. आयुष्यभर दुसऱ्यांची कर्जं तपासलेल्या या गृहस्थांनी स्वतःला एकच प्रश्न घातला होता: कौल मातीचं स्वस्त की काँक्रीटचं?

पहिल्या दिवशी माती जिंकली. मंगलोरी कौल एका नगाला तीस रुपये, काँक्रीटचं अठ्ठेचाळीस. निकाल लागला म्हणून चहा झाला. चहा संपायच्या आत दुकानदार म्हणाला, की मातीची चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात आणि काँक्रीटची दहा. म्हणजे साडेचारशे विरुद्ध चारशे ऐंशी. अठरा रुपयांची आघाडी नगाला दोन रुपयांवर आली आणि साहेबांना दुसरा चहा मागवावा लागला.

मग वजन. काँक्रीटचं एक कौल साडेचार किलोच्या आसपास भरतं, म्हणजे चौरस मीटरला पंचेचाळीस किलो. मातीचं अडीच किलो धरलं तर साडेसदतीस. लाकूड कमी लागेल, माती पुन्हा पुढे! पण मातीचं कौल पाणी पितं, आणि तेही सरकारमान्य प्रमाणात. भारतीय मानकाप्रमाणे वरच्या दर्जाच्या मंगलोरी कौलाला चोवीस तास बुडवून ठेवल्यावर स्वतःच्या वजनाच्या १८ टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा आहे. तेवढं पोटभर प्यायलं, तर मेमध्ये साडेसदतीस किलो असलेलं छप्पर जुलैत चव्वेचाळीस किलोंचं होतं. वाशांचा हिशेब जुलैतल्या वजनावर करायचा असतो, हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

बायकोचं मत वेगळं होतं. तिला ‘आपलं जुनं, पारंपरिक’ कौल हवं होतं. आता गंमत अशी, की हे पारंपरिक कौल आपल्याकडे बोटीतून आलं. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट आल्सासमधल्या गिलार्डोनी बंधूंनी १८४१ साली घेतलं. बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी १८६५मध्ये मंगळुरात नेत्रावतीकाठच्या चिकणमातीवर कारखाना काढला, आणि आपल्या कुंभाराच्या नळीच्या कौलांना उतरती कळा लागली. ज्याला आपण उपटसुंभ समजतो ते काँक्रीटचं कौलही त्याच १८४०च्या दशकातलं, बव्हेरियातलं. दोघांच्या वयात फार अंतर नाही. फक्त एक आपल्याकडे आधी येऊन कोकणी झालं. जुन्या कौलांवर कारखान्याच्या नावासोबत ‘१८६५’ असा छाप सापडतो. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल, पण त्यावर बोट ठेवून आपलं घर राणीच्या राज्यातलं असल्याचं सांगणारे मालक गावोगाव भेटतात.

रंगाच्या बाबतीत मात्र मातीला तोड नाही. तिचा लाल रंग तिच्यातल्या लोहाचा, भट्टीत पक्का झालेला. काँक्रीटला तो बाहेरून द्यावा लागतो आणि उन्हापावसात तो हळूहळू मवाळ होतो. शेवाळ दोघांवरही सारख्याच निष्ठेने धरतं. माकडांचाही या दोन पदार्थांबाबत काही पूर्वग्रह दिसत नाही.

एवढं सगळं तक्त्यात मांडून झाल्यावर साहेबांनी गावच्या सुताराला बोलावलं. सुताराने दोन्ही दर वाचले नाहीत. त्याने फोटो पाहिला, नकाशा उलटासुलटा केला आणि विचारलं, “साहेबानू, ह्यो उतार किती?”

“पंधरा अंश.”

“पाणी काय तुमचो नकाशो वाचूक बसाचा नाय.”

इथे सुतार बरोबर होता आणि भूमितीही त्याच्याच बाजूची होती. कौलाचं खालचं टोक दुसऱ्या कौलावर टेकलेलं असतं, त्यामुळे ते वाशापेक्षा थोडं सपाटच बसतं. कागदावरचे पंधरा अंश पाण्याला पंधरा मिळतच नाहीत. पाणी रेंगाळतं, दोन कौलांच्या फटीत चढतं, आणि वाऱ्याचा झोत आला की उताराच्या उलट दिशेने आत येतं. म्हणून मंगलोरी कौलांना आडवं दोन, उभं एक, म्हणजे साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा कमी उतार देऊ नये, असा जुना दंडक. काँक्रीटच्या बऱ्याच कौलांची माहितीपत्रकं साडेसतरापर्यंत खाली येतात, तीही अटी घालून. पंधराला दोघंही हात जोडतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो सरळ पडेल अशी हमी कोणी देत नाही.

मग पंधरा अंशांनी वाचतं काय? शंभर चौरस मीटरच्या घरावर तीस अंशांचं छप्पर सुमारे ११५ चौरस मीटर होतं, पंधरा अंशांचं एकशे साडेतीन. फरक बारा चौरस मीटर. एकशेऐंशी कौलं, पाच हजार चारशे रुपये. घर आठ मीटर रुंद असेल तर दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींचं दहाएक चौरस मीटर चिऱ्याचं कामही वाचतं, हे खरं. पण इतक्या कमी उतारावर कौलाखाली पाणी अडवणारा पडदा हवा, त्यावर उभ्या पट्ट्या, मग आडव्या रिपा. पडद्याला चौरस मीटरमागे दोनशे रुपये धरले, तरी वीस हजार सातशे झाले, पट्ट्या वेगळ्या. पडदा नको असेल तर खाली पत्रा घाला किंवा उतरता स्लॅब ओता. हल्ली कोकणगोव्यात ते सर्रास चालतं. तिथे पाऊस स्लॅब अडवतो आणि कौल नुसतं टोपी घालून वर बसतं. मग ते मातीचं की काँक्रीटचं, हा प्रश्न दागिन्यांच्या खात्यात जातो.

साहेबांनी तक्त्यात नवा रकाना काढला, ‘उतार’. त्याखालच्या आकड्यांपुढे मातीचं आणि काँक्रीटचं भांडण चिल्लर दिसू लागलं. उतार शेवटी अठ्ठावीसवर ठरला, फोटो कपाटात गेला, आणि बायकोच्या आग्रहाने कौल मातीचं आलं. स्वयंपाकघरावर उजेडासाठी दोन काचेची.

सुताराने सांगितलं म्हणून दीडशे कौलं जास्तीची घेऊन ती गोठ्यामागे रचली. पहिल्याच पावसात शेजारचे काका पाच मागायला आले. माकडांनी त्यांच्या पडवीवर सभा भरवली होती. साहेबांनी उदारपणे दिली. अर्ध्या तासात पाचही परत आली. काकांची कौलं दुसऱ्या कारखान्याची, खाच खाचेत बसेना. आता दोघांनी मिळून काकांच्या कारखान्याची जुनी कौलं कुठे मिळतात याची चौकशी चालवली आहे, आणि साहेबांनी त्यासाठी नवी फाइल उघडली आहे.