टाळी कधी द्यायची

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गाण्याचा कार्यक्रम कलाकार सुरू करत नाही, माईकवाला करतो. ‘हॅलो, चेक, चेक’ झाल्याशिवाय देवही जागचा हलत नाही. त्यामुळे मुंबईत नरिमन पॉइंटकडच्या एका सभागृहात चार वादक आले, बसले आणि माईकशिवायच वाजवू लागले, तेव्हा आमच्या खामगावच्या मामांनी माझ्या कानात विचारलं, “लाईन गेली काय गा?”

मामांची हयात भजनी मंडळात पेटी वाजवण्यात गेली. पास फुकट मिळाले होते, आणि फुकटचं सोडायचं नाही, यावर आमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे एकमत असतात.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. व्हायोला व्हायोलिनहून जरा मोठा आणि खर्जातला. लांबून पाहणाऱ्याला तिघंही व्हायोलिनवालेच. काठी हलवणारा कोणी नाही.

“यायचा बुवा कोनता?”

“बुवा नसतो मामा.”

हे काही त्यांना पटेना. थोड्या वेळाने त्यांनीच शोध लावला. “तो डावीकडचा. तो मान हालवते, मंग सारे उचलतेत.” पहिल्या व्हायोलिनचं काम याहून थोडक्यात मी कुठे ऐकलेलं नाही.

मुंबईला हे संगीत नवं नाही. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी इथे १९३५ सालीच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. म्हणजे टाळी कधी द्यायची, याचं शिक्षण हे शहर बरीच वर्षं घेतंय. रचनेचे बहुधा चार भाग, मधे टाळी नाही. आमच्याकडे शेवटपर्यंत गप्प बसलेला श्रोता एकतर झोपलेला असतो, नाहीतर त्याने वर्गणी दिलेली नसते. पहिला भाग संपताच मामांनी खणखणीत टाळी दिली. पुढच्या रांगेतल्या मोत्यांच्या माळेने वळून पाहिलं. मामांनी हात मांडीखाली घातले.

खरं तर मामा जुन्या रिवाजाला धरून होते. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टच्या सिंफनीला लोकांनी ऐन वाजवण्याच्या मधेच टाळ्या दिल्या. पठ्ठ्या इतका खूश झाला, की नंतर आइस्क्रीम खाऊन आला आणि वडिलांना पत्र लिहून सगळं कळवलं. ही शिस्त मागाहून आली. माझ्या मते कार्यक्रमाला प्राध्यापक येऊ लागले तेव्हा.

शेवटी हायडनची १७८१ची रचना होती. ‘जोक’ नावानेच ओळखतात तिला. पळती चाल एकदम थांबते. टाळीला हात उचलावा, तर पुढचा तुकडा! पुन्हा थांबते, पुन्हा तुकडा. मग लांबलचक शांतता. मोत्यांच्या माळेने टाळी दिली, चांगली दोन्ही हातांनी. वादकांनी हळूच पुन्हा पहिलाच तुकडा वाजवला आणि थांबले.

आता अख्ख्या सभागृहाची हिंमत होईना. सगळे एकमेकांकडे पाहताहेत.

“द्या आता, झालं!” मामा मोठ्यांदा म्हणाले, आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“गज खाली ठेवले ना त्याहीनं. आन् खोटं थांबनं मले नवं हाये काय? पंगत तयार नसली का आमी बी भजन तीनदा संपोतो.”