सिंथेटिक ऑइल आणि कानांचे समाधान
सिंथेटिक ऑइलचा पहिला परिणाम इंजिनाआधी मालकाच्या कानांवर होतो. बिल जितके मोठे, तितकी खडखड कमी. प्रत्यक्षात आवाजाचा संबंध ऑइलच्या जातीपेक्षा दाटपणाशी अधिक. डब्यावरच्या ‘१०डब्ल्यू-३०’मधला डब्ल्यू थंडीचा, तर ३० ही १०० अंश सेल्सिअसला असणाऱ्या दाटपणाची श्रेणी. गारठ्यात सिंथेटिक ऑइल चटकन वर पोहोचते, म्हणून सकाळची टॅपेटची टकटक लवकर थांबते. तापलेल्या इंजिनात मात्र २०डब्ल्यू-५०चे साधे मिनरल ऑइलही पातळ सिंथेटिकपेक्षा आवाज कमी ठेवू शकते. शिवाय काळेठिक्कर जुने ऑइल काढून कोणतेही ताजे भरले तरी फरक जाणवतो. श्रेय अर्थातच महागड्या डब्याला. टॅपेटचा गॅप वाढला असेल किंवा टायमिंग चेन सैल झाली असेल, तर त्याला गॅरेजवाल्याचा पानाच लागतो.