नावापुढचा गोल आकडा

अहो वहिनी, जरा इकडे या कुंपणाशी. धाकट्या भाऊजींनी काल रात्री घरच्या ग्रुपवर सातबाराचा फोटो टाकला म्हणे? विचारतेय कारण सकाळपासून तुमच्याकडचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत येतोय. आत्याबाईंचं नाव कंसात कसं गेलं, म्हणजे कमी कसं झालं, यावरून ना? वाटलंच मला. आत्याबाई म्हणतात मी कधी सही दिली नाही, भाऊजी म्हणतात दिली, आणि तुमचे नणदोई पुण्यात बसून त्या फोटोला अंगठे दाखवतायत.

अहो, पण फोटोतून हे कळणार कसं? आज नाव कुणाचं आहे, एवढंच सातबारा सांगतो. ते का लागलं, कधी लागलं, कुणाच्या सहीनं लागलं, याचा तिथं पत्ता नसतो. त्यासाठी नावापुढचा बारका आकडा बघायचा. हाती लिहिलेल्या उताऱ्यात त्याला गोल केलेला असायचा, आता संगणकाच्या उताऱ्यात 'फे.फा.' असा रकानाच आहे. तोच फेरफार नंबर. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी त्या आकड्यांतच गेली. लोक दुधाचा हिशोब पाठ ठेवतात, पण आपल्या नोंदीचा नंबर विचारा, ओठच हलत नाहीत.

ऐका. तलाठ्याकडे गाव नमुना सहा असतो, फेरफार नोंदवही. आता तलाठी म्हणायचं नाही बरं का, 2024 पासून ते ग्राम महसूल अधिकारी झालेत. गावात मात्र अजून तलाठी आप्पाच. तर त्या वहीत खरेदी, वारस, वाटप, बोजा, हक्कसोड जे येईल ते ओळीनं लिहिलं जातं आणि प्रत्येक नोंदीला पुढचा नंबर पडतो. मग नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो नाहीतर नामंजूर. गंमत म्हणजे नामंजूर झाली तरी नंबर तिच्याकडेच राहतो, दुसऱ्या कुणाला मिळत नाही. कुणी मागाहून येऊन म्हणालं, आमच्या आज्यानं अर्ज केलेला पण फेटाळला, तर तेही त्याच आकड्याखाली सापडतं.

नुसता आकडा सांगून मात्र भागत नाही हं. 412 म्हणाल तर 412 प्रत्येक गावात आहे. घोलवडचा वेगळा, बोर्डीचा वेगळा. गाव सांगायचं, तालुका सांगायचा, मग आकडा. त्यातून आपल्याकडे पाट्या बदलत आल्या. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, त्याआधीच्या कागदांवर डहाणूसुद्धा ठाणे जिल्ह्यात. तलासरीकडे तर अजून मजा. 1960 ला दोन राज्यं झाली तेव्हा उंबरगाव तालुका विभागला, त्यातली बरीच गावं गुजरातेत गेली, उरलेली तलासरीत राहिली, म्हणून तिकडच्या जुन्या कागदांवर तालुका उंबरगाव दिसला की माणसं दचकतात. दचकायचं काय त्यात? वरची ओळ बदलली, वहीतली नोंद आहे तिथंच आहे.

त्या तलासरीचे एक वारली आजोबा कचेरीत यायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण खिडकीशी आले की गाव, कूळकायद्याच्या नोंदीचा नंबर आणि 'बत्तीस ग' हे त्या कायद्याचं कलम एका दमात म्हणायचे. पुढे एक शब्द नाही. माणूस उगीच नाही पाठ करत. 1945 ला झरीत वारल्यांची परिषद भरली, गोदावरीबाई परुळेकर त्या काळात पाड्यापाड्यानं हिंडल्या, वेठबिगारीविरुद्ध हीच माणसं उभी राहिली. पुढे 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आला, आणि कसणाऱ्याचं नाव कागदावर चढायला लागलं. ज्यांच्या बापजाद्यांनी सावकाराच्या वहीत अंगठा देऊन जमीन घालवली, त्यांच्या घरात सरकारी वहीतल्या आपल्या ओळीचा नंबर पाठ असणारच. आपल्या पदवीधर भाऊजींना नाही, त्याला आपण काय करणार.

शिवाय तिकडे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर दिसली, की त्याच आकड्यावरून मागं जाता येतं. महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे परवानगीशिवाय ते व्यवहार चालत नाहीत. परवानगीचा आदेश होता की नव्हता, ते फेरफारात दिसायला हवं. अशा कित्येक भांडणांचा उगम एका ओळीत सापडतो, ती ओळ उघडून बघायचा कंटाळा नको.

काय म्हणालात? गट नंबर आहे की तुमच्याकडे? अहो, तो जमिनीचा. तो कायम राहीलच असं नाही. पोटहिस्सा पडला की त्याला शेपूट फुटतं. ज्या गावांत एकत्रीकरण झालं तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, मग जुना नवा जुळवायला भूमी अभिलेखकडून एकत्रीकरणाचा जबाब काढा, ही वेगळी वारी. त्यात आता भू-आधारचा लांबलचक क्रमांक आलाय. असू दे, चांगलाच आहे. पण आत्याबाईंच्या कंसाचं कारण त्यात लिहिलेलं नाही.

आता तुमच्या कंसाकडे येऊ. आत्याबाईंच्या कंसाशी आकडा आहे का बघा. असेल, तर त्या नंबरचा फेरफार काढा. त्यात कळेल की हक्कसोड होतं, वाटप होतं की आणखी काही. हक्कसोड असेल तर ते नोंदणी केलेलं आहे का, दस्त क्रमांक कुठला, नोटीस आत्याबाईंना पोचली का, हे विचारा. आमच्या वेळेला भाऊबीजेला आलेल्या बहिणीचा अंगठा एका कागदावर घ्यायचे आणि सांगायचे, तुझ्याच भल्याचं आहे. डहाणूतच असं व्हायचं असं नाही हो, सगळीकडेच. पण बहिणीनं जमीन सोडली म्हणताय, तर तसा नोंदणीकृत कागद दाखवा ना.

आणि कंस आहे पण आकडा नाही, असं निघालं तर? मग प्रकरण वेगळं. फेरफाराशिवाय कुणाचं नाव उतरवता येत नाही. हाताचे सातबारे दर दहा वर्षांनी नव्यानं लिहायचे, त्या लेखनात कुणाचं नाव गळायचं, कुणाचा गोल राहून जायचा. ती लिहिण्यातली चूक असेल तर कलम 155 खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. नोंदच चुकीची मंजूर झाली असेल, तर मात्र प्रांताकडे अपील, साठ दिवसांत. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण लेखी द्यावं लागतं, आणि ते कारण 'भाऊजी सांगत होते सगळं ठीक आहे' असं चालत नाही.

हे सगळं आत्ताच का पेटलंय, तेही मला माहीत आहे. बुलेट ट्रेन येतेय, वडोदऱ्याचा महामार्ग येतोय, वाढवणला बंदर येतंय. जागेला भाव आला की वर्षानुवर्षं उतारा न बघितलेल्या घरात रातोरात चुलत भाऊ उगवतात. मोबदल्याची नोटीस सातबारावरच्या नावाला येते, म्हणून त्या फोटोला एवढी किंमत. पण नोटीस येण्याआधी आकडा बघितला असता तर ही आरडाओरड झाली नसती, असं माझं स्पष्ट मत. तुमच्या सासऱ्यांनाही मी सांगितलं होतं. ते म्हणाले, चिकू उतरवून झाले की बघू.

बरं, आता फोटो पाठवणं बंद करा. ग्रुपवर एवढंच लिहा: गाव अमुक, तालुका डहाणू, फेरफार क्रमांक अमुक. कुणीही, पुण्यातले नणदोईसुद्धा, तेवढ्यावरून नेमकी तीच नोंद काढून वाचतील. मग कुणी म्हणणार नाही की मला अर्धाच कागद दाखवला. अलीकडचे फेरफार सरकारी साइटवर दिसतात. जुने तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, तिथं अर्ज करून नक्कल मागायची. आत्याबाईंनाही सोबत न्या, नाव त्यांचं आहे.

आणि हो, डिजिटल सहीच्या सातबाराला पंधरा रुपये लागतात. जास्त कुणी मागितले तर पावती मागा.