वाटाड्या नको

आखणीकर सहलीला जात नाहीत, ते मोहीम काढतात. सहलीला बायकामुलं, इडल्यांचा डबा आणि अंताक्षरी पुरते. मोहिमेला एक्सेल लागतं. असे आखणीकर पुण्यात दर दुसऱ्या सोसायटीत सापडतात, ठाण्या-डोंबिवलीकडेही पैदास बरी आहे. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत किंवा आयटीत, दर रविवारी सिंहगड, आणि घरातल्या एका खोलीचा उल्लेख बायको 'त्यांचं गोडाऊन' असा करते. हिमालयातले एकदोन ट्रेक एखाद्या कंपनीबरोबर झालेले असतात. तिथे कुठल्यातरी चढावर विशीतला गाईड सगळ्यांच्या देखत म्हणालेला असतो, "अंकलजी, धीरे धीरे." ते 'अंकलजी' आत कुठेतरी मुरत राहतं, आणि मग एका दिवाळीनंतर घोषणा होते : "कोकण किनारा चालायचा. सलग, पायी. आणि गाईड नाही."

मी ज्या आखणीकरांना जवळून ओळखतो ते आमच्याच जिन्यात वरच्या मजल्यावर राहतात. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, ही माहिती त्यांनी पहिल्या बैठकीत अशा स्वरात दिली, जणू तो परवाच त्यांच्या नावावर झाला होता. बैठकीला चौदा जण होते, कारण पोहे होते. आधी रेवस ते रेडी असं ठरलं. चहा येईपर्यंत त्याचं वेळास ते जयगड झालं. याला माघार म्हणायचं नसतं, 'टप्पा एक' म्हणायचं असतं.

मग दिशा. तुम्ही-आम्ही म्हणू, वरून खाली जा नाहीतर खालून वर या. आखणीकरांनी त्यावर दोन आठवडे घालवले. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे वेळासहून निघालं तर दुपारचं ऊन तोंडावर आणि नंतर उजव्या गालावर. जयगडहून उलटं आलं तर ऊन पाठीवर, पण दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो तो समोरून, वाळूसकट. थोडक्यात, गाल भाजून घ्यायचा की डोळ्यांत वाळू घालून घ्यायची, असा प्रश्न होता. मतदान झालं, सहा-सहा मतं पडली. उरलेले दोघे बेसिनवर हात धूत होते, ते बाहेर आले ते थेट घरी जायलाच.

आखणीकरांचे आदर्श परदेशी असतात. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर ७५ किलोमीटरची वेस्ट कोस्ट ट्रेल आहे. तिथे कड्यांना लावलेल्या लाकडी शिड्या चढायच्या, नद्यांवरून तारेवरच्या पाळण्यात बसून जायचं, आणि भरतीचं कोष्टक चुकलं तर कड्याखाली अडकायचं. टास्मानियात ८५ किलोमीटरचा साउथ कोस्ट ट्रॅक आहे. त्याच्यावर एके ठिकाणी पाणी ओलांडायला वल्हवायच्या होड्या ठेवल्या आहेत, पण दोन्ही काठांवर एक तरी होडी कायम राहिली पाहिजे. म्हणून एक होडी घेऊन पलीकडे जायचं, तिथली होडी मागे बांधून परत यायचं, ती इथे सोडायची आणि पुन्हा पहिलीतून जायचं. एकदा पोचायला तीन फेऱ्या. हे गणित आखणीकर पोह्यांच्या दोन बशा आणि एक चमचा घेऊन समजावत, तेव्हा ऐकणाऱ्याला आपण धोपावे गावी नव्हे, जगाच्या टोकाला चाललो आहोत असं खरोखर वाटे. वेस्ट कोस्ट ट्रेलवरचे धोके त्यांनी आपल्या तक्त्यात तसेच उतरवून घेतले होते. त्यातलं 'अस्वल' खोडून त्यांनी 'कुत्री' केलं, उपाय मात्र बदलायचा राहिला : 'अन्न झाडाला उंच टांगावे, मोठ्याने बोलत चालावे.' यातला दुसरा उपाय आखणीकर कुत्रं नसतानाही करतात.

सरावासाठी ते सॅकमध्ये दहा किलो गहू भरून वेताळ टेकडीवर जाऊ लागले. टेकडीवर ओळखीचे फार. "गिरणी इकडे हलवली का?" असं एकाने विचारल्यावर त्यांनी गव्हाच्या जागी वाळू भरली.

वजनावर त्यांचा विशेष राग. वहिनींचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पंधरा दिवस गोडाऊनमध्ये होता. मोजे, सुई-दोरा, पट्ट्या, मेणबत्ती, सगळं ग्रॅममध्ये लिहिलेलं. एका संध्याकाळी मी गेलो तर आखणीकर जमिनीवर मांडी घालून लोखंड कापायच्या करवतीने टूथब्रशची दांडी कापत होते. ब्रशचं डोकं दोन बोटांत धरलेलं, चष्मा नाकाच्या टोकावर, पायाखाली कालचा पेपर. कापलेला तुकडा काट्यावर ठेवून ते म्हणाले, "चार ग्रॅम." मग टोक बोचू नये म्हणून पॉलिश पेपरने घासलं, तेव्हा आणखी थोडं वाचलं. रात्री वहिनींनी त्याच सॅकच्या तळाशी डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला. डबा स्टीलचा, झाकण घट्ट बसावं म्हणून मोठाच घेतलेला.

खरी आखणी भरती-ओहोटीची. किनारा चालायचा म्हणजे पाणी उतरलेलं असताना चालायचं. तेव्हा ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही, आणि डोंगराच्या ज्या सोंडा समुद्रात घुसलेल्या असतात त्यांच्या पायथ्याने खडकांवरून पलीकडे जाता येतं. भरतीत तीच वाट बुडते. आखणीकरांनी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकं मिळवली, रोजची भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे धरून रंगीत आलेख काढले, आणि निघायचा दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा ठरवला. पुनवेच्या आसपास ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, पाणीही लांब हटतं, आणि भरती भर दुपारी येते, तेव्हा माणसाने सावलीत पडायचं. हा निर्णय नामी होता, हे मान्यच केलं पाहिजे. आलेख भिंतीवर लावत असताना वहिनी लसूण सोलत बसल्या होत्या.

"संकष्टीला कुठे असाल?"

"चौथा दिवस. गुहागर."

"म्हणजे तीनला भरती. सकाळी नऊच्या आगेमागे चालून घ्या."

आखणीकर खुर्चीवरून खाली उतरले. "कशावरून?"

"तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा करतात."

त्यांनी कोष्टक काढून बोट फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. "पंधरा मिनिटं चुकतंय," ते समाधानाने म्हणाले. वहिनींचं माहेर वेळणेश्वरचं, म्हणजे मोहिमेच्या बरोब्बर वाटेवरचं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली असूनही ही बाब चौदा पानांच्या आराखड्यात कुठेही नव्हती. सासुरवाडीत पाणी आणि मुक्काम मिळाला असता तर मोहीम 'विनासाहाय्य' राहिली नसती.

चौदांतले तीन उरले. बाकीच्यांना गुडघा, मुलांची परीक्षा आणि मेहुणीचं लग्न या क्रमाने अडचणी आल्या. तिघांतला एक मी. मला का घेतलं याचं उत्तर आराखड्यात 'सामाईक वजन' या रकान्यात आहे.

वेळासहून निघाल्यावर पहिल्या दिवशी कळलं की पुळण सपाट नसते, समुद्राकडे उतरती असते. दक्षिणेला चालणाऱ्याचा उजवा पाय दिवसभर डाव्यापेक्षा खाली पडतो आणि संध्याकाळी दोन गुडघे दोन वेगळ्या माणसांचे होतात. खडकांवर कालवं चिकटलेली, त्यांची धार बुटाच्या तळव्याला कळते. सोंड ओलांडता आली नाही की वर सड्यावर चढायचं, आणि सडा म्हणजे उघडा जांभा. सावलीला फारतर एखादं करवंदाचं जाळं, तेही गुडघ्याएवढं.

हे सगळं आराखड्यात होतं. वाटेत भेटणारी माणसं नव्हती. केळशीपासून पुढे दर वाडीत एकच संवाद.

"कोणाकडे आलात?"

"कोणाकडे नाही. जयगडला चाललोय. चालत."

"गाडी बंद पडली?"

"नाही, गाडी आणलीच नाही."

"साडेधाची यष्टी गेली नाय अजून. गावल."

"आम्हांला चालायचंच आहे."

यावर समोरचा माणूस आपल्याकडे, मग सॅककडे बघतो, आणि आवाज उतरवून विचारतो, "नवस हाय काय?"

आखणीकर या प्रश्नाला भयंकर चिडत आणि वेस्ट कोस्ट ट्रेलपासून सुरुवात करत. आमचा तिसरा सोबती हर्णैच्या पुढे शहाणा झाला. तो खाली मान घालून नुसतं "हो" म्हणायचा. लगेच पाट यायचा, पाणी यायचं, गुळाचा खडा यायचा आणि मागोमाग चहा. कोकणात हौसेने चालणाऱ्याला कोणी विचारत नाही, पण नवसाच्या माणसाला उपाशी सोडत नाहीत.

कोळथऱ्याच्या अलीकडे एक पोरगा भेटला. सोंडेवरून जायची वाट दाखवतो म्हणाला, पैशांचं काही बोललाही नाही. आखणीकरांनी त्याला फोनवरचं उपग्रहाचं छायाचित्र दाखवलं. त्यात वाट स्पष्ट दिसत होती, सरळ आणि बारीक. ती वाट म्हणजे जांभ्याचा गडगा निघाला. आकाशातून बघितलं तर गडगा आणि पायवाट यांत काही फरक नसतो, जमिनीवर मात्र गडग्याच्या आत कलमांची बाग असते आणि बागेत कुत्रं. अन्न झाडाला टांगायला वेळ मिळाला नाही. धापा टाकत सड्यावर आलो तर पोरगा तिथे दगडावर बसलेला. तो काही न बोलता उठला आणि वीस पावलांवर पुढे चालू लागला. दाभोळची कौलं दिसेपर्यंत तो पुढे आणि आम्ही मागे. "आपण त्याच्या मागे जात नाही आहोत," आखणीकर दोनदा म्हणाले, "त्याची दिशा आणि आपली दिशा एकच आहे, एवढंच."

वाशिष्ठीच्या खाडीवर तीन फेऱ्यांचं गणित कामी आलं नाही. दाभोळच्या धक्क्यावर तिकीट काढलं, मोटारी आणि मोटारसायकलींच्या मधे उभे राहिलो, धोपाव्याला उतरलो. पुढे अंजनवेलपाशी किनारा धरून जाता येत नाही, तिथे वीजप्रकल्प आहे. एन्रॉनच्या नावाने नव्वदच्या दशकात राज्यातलं राजकारण ढवळून निघालं, तोच. तेव्हा तिथे मोर्चे यायचे. आम्ही डांबरी रस्त्याने वळसा घालून गेलो. आराखड्यात त्याला 'औद्योगिक विचलन' असं नाव आहे.

पाचव्या दिवशी वेळणेश्वर. आखणीकरांनी गाव अंधारात ओलांडायचं ठरवलं होतं. पण मेहुणा पुळणीवर स्कूटर लावून दुपारपासून उभा होता. वहिनींनी फोन करून भरतीची वेळ सांगितली होती. पाणी चढलं की वाळूवरून जायला जागा उरत नाही, माणूस सुरूच्या बनातून गावातच निघतो, हे बहीण-भावाला लहानपणापासून माहीत. "दाजी, सॅक द्या," एवढंच तो म्हणाला. त्या रात्री आखणीकरांनी कुळथाचं पिठलं, भात आणि वर आंबोशीचं लोणचं तीनदा वाढून घेतलं. वहीत नोंद केली : 'हवामानामुळे सक्तीचा मुक्काम.' हवा उत्तम होती.

तवसाळच्या धक्क्यावर जयगडच्या फेरीबोटीची वाट पाहत आम्ही बसलो होतो. शेजारी सांगली पासिंगची गाडी, आत आजी, दोन मुलं, आणि बाहेर हवा खात उभे असलेले त्यांचे वडील. त्यांनी सहज विचारलं, "इथे पोरांना पाण्यात सोडलं तर चालेल का?" आखणीकर उठले. आज तिथी कुठली, तिथीची पाऊणपट कशी करायची, आत्ता पाणी चढतंय की उतरतंय, खाडीच्या मुखाशी ओहोटीला ओढ का असते, पुळण कुठली बरी, सोंड कुठली वाईट, मालगुंडला केशवसुतांचं घर कुठे, गणपतीपुळ्याला जाताना गाडी कुठे लावायची. मुलांचा पाण्यात जाण्याचा विचार आपोआप बारगळला. आजी मात्र काच खाली करून मन लावून ऐकत होत्या. तिथीच्या पाऊणपटीचं श्रेय आखणीकरांनी कोणालाच दिलं नाही, 'माझी एक पद्धत आहे' असं म्हणाले.

बोटीचा भोंगा झाला. गृहस्थांनी गाडीत बसता बसता आखणीकरांच्या हातात शंभराची नोट ठेवली. "छान सांगितलंत हो. नाहीतर हल्ली गाईड लोक नुसते लुटतात."

नोट परत करायला गाडी थांबलेली नव्हती, ती बोटीवर चढली होती. आम्ही पाठोपाठ चढलो. आखणीकर कठड्याला टेकून बराच वेळ नोटेकडे बघत राहिले. शंभर रुपये तिघांत नीट भागत नव्हते. शेवटी त्यांनी खिशातून पाचाचं नाणं काढून त्यात घातलं, प्रत्येकी पस्तीस केले, आणि फोनमध्ये 'इतर जमा' असा नवा रकाना उघडला.